कात्रीचा शनिवार

केस कापणाऱ्या बाईच्या हाती डोकं आलं की डोकेवालीचं तोंड आपोआप उघडतं, असा कात्रीचा अनुभव होता. मान हलवायची नाही, गळ्याभोवती कापड बांधलेलं, समोर आरसा. अशा वेळी माणूस बोलण्याशिवाय करणार तरी काय? सुना सासूबद्दल बोलत, सासवा गुडघ्यांबद्दल बोलत, आणि कात्री दोघींनाही "हो ना, हो ना" करत त्यांचं ऐकून घेई. ऐकलेलं पोटात ठेवायची तिला सवय होती. म्हणूनच तिच्या खुर्चीपुढे गिऱ्हाइकं थांबून राहत आणि शेजारची खुर्ची रिकामी असली तरी तिकडे जात नसत.

कात्री हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. शाळेत असताना जिभेवरून पडलेलं हे टोपणनाव. पुढे धंदाही तोच निघाला, तेव्हा ते जन्माचं चिकटलं. तिचा नवरा घरोघरी जाऊन पाण्याची मीटरं वाचायचा. गरीब माणूस. तोही चारचौघांत "आमची कात्री" म्हणे. घरात मात्र नाव घ्यायच्या आधी तिच्या भुवया कुठे आहेत ते पाहून घेई.

त्या वर्षी खुर्चीत बसेल त्या प्रत्येकीला कात्री एकच प्रश्न विचारत होती.

"शहरात गेलात की जेवता कुठे हो? चांगलं पण स्वस्त?"

"स्वस्त हवं की चांगलं हवं?" एका वकिलीणबाईंनी उलट विचारलं.

"दोन्ही. आणि बसायला खुर्ची हवी. उभ्याने खायचं तर आम्ही घरीच खातो, ओट्यापाशी."

यामागे कारण होतं. एका वर्गातल्या, एका बाकावरच्या चार मैत्रिणी दर वर्षी दोन दिवस शहरात जात. नवरे नाहीत, मुलं नाहीत, पाहायची ठिकाणं तर मुळीच नाहीत. दुसऱ्याने रांधलेलं, दुसऱ्याने वाढलेलं आणि नंतर दुसऱ्यानेच घासायचं असलेलं जेवण बसून खायचं, एवढाच सहलीचा उद्देश. चौघींतली एक इस्पितळात नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणत. शहरातल्या नर्सांच्या वसतिगृहात तिच्या ओळखीने एक मोठी खोली जवळजवळ फुकट मिळे. दुसरी पोस्टाच्या खिडकीवर बसायची, ती टपाल. बसच्या जागा धरणं तिचं काम, आणि गावातली बातमी पोचवणंही तिचंच. तिसरीचं लोकरीचं दुकान होतं, म्हणून ती लोकर. तिच्याकडे कोणतंच काम नव्हतं. ती नुसती यायची आणि हसायची, आणि तिच्या हसण्यावाचून सहल अळणी होते हे बाकीच्यांना गेल्या दोन वर्षांत कळलं होतं. कारण गेली दोन वर्षं लोकर आलीच नव्हती. एकदा म्हणाली गुडघा. दुसऱ्यांदाही गुडघाच.

जेवणं आखायचं काम कात्रीचं. ते तिने कधी कुणाला दिलं नाही.

लोकरीच्या गुडघ्यावर इतरांचा विश्वास बसला. कात्रीचाही बसला असता. पण एके दिवशी बाजारात भाजीच्या रांगेत लोकर तिच्या पुढेच उभी होती. पाठमोरी. कात्रीने सवयीने आधी केस पाहिले आणि मग माणूस ओळखलं. मानेवरची कड उजवीकडे वर चढलेली आणि मधे एक बट बोटभर आखूड. घरातली भाजी-दोरा कापायची कातर, आरशाकडे पाठ आणि हातात दुसरा छोटा आरसा, हे सगळं कात्रीला त्या एका बटेत दिसलं. आपले मागचे केस स्वतःच्या हाताने कुणी सरळ कापू शकत नाही. तिला स्वतःलाही जमत नसे.

लोकर कित्येक वर्षं तिच्याचकडे येत होती. अलीकडे म्हणायची, "वाढवतेय गं केस." कात्रीने ते खरं मानलं होतं.

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. लोकरीच्या दुकानाची फळी दुपारनंतर उघडत नव्हती. तयार स्वेटरं पदपथावर ढिगाने मिळू लागल्यावर सुया घेऊन बसणार कोण? आणि लोकर तर अशी, की नाकावर माशी बसू देणार नाही. शाळेत कुणी आपला डबा पुढे केला तर ही आधी स्वतःचा उघडून दाखवायची, आणि मगच घास घ्यायची. डबा आणला नसेल त्या दिवशी ही मधल्या सुट्टीत विहिरीपाशी जाऊन उभी राही. हिला "चल, तुझे पैसे आम्ही भरतो" म्हणणं म्हणजे मैत्रीवर पाणी सोडणं. येणार तर नाहीच, वर रस्त्यात दिसली तर बाजू बदलेल. आणि दोन वर्षं न येण्याला गुडघ्याचं निमित्त पुरलं, की तिसऱ्या वर्षी निमित्तही लागत नाही. माणूस असाच हळूहळू सुटत जातो.

कात्रीने रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं.

"मग काय करणार?" तो म्हणाला.

"एक बट आखूड कापली गेली, तर काय करतात?"

"मला काय विचारतेस? मला मीटर येतात."

"बट लांब करता येत नाही, अहो. बाकीचे केस तिच्या बरोबरीला आणायचे. मग बघणाऱ्याला वाटतं, हीच फॅशन आहे."

संधीही चालून आली. सलूनच्या फरशीखालचा नळ फुटला, फरशी उखडावी लागणार, म्हणून मालकिणीने दुकान आठवडाभर बंद ठेवायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी कात्री लोकरीच्या घरी गेली आणि चेहरा पाडून खुर्चीवर बसली.

"काय झालं गं?"

"काय सांगू. सलून बंद. काम नाही तर दाम नाही. यंदाची सहल आता कोरड्या पावावरच करावी लागेल. बाकीच्या दोघींना काय, सरकारी पगार आहेत. त्यांच्यासमोर मी एकटी कशी हात आखडता घेऊ? त्यापेक्षा जातच नाही."

लोकर दोन सुया बाजूला ठेवून तिच्याजवळ सरकली. "वेडी आहेस का? मी येते की तुझ्याबरोबर. आपण दोघी स्वस्तातलं मागवू. दोघी असलो की वाईट दिसत नाही."

"आणि तुझा गुडघा?"

"बरा आहे आता," लोकर म्हणाली. "तुझ्यासाठी बरा आहे असं समज."

कात्री घरी आली ती रस्ताभर स्वतःशीच हसत. दया दाखवायची नव्हती म्हणून दयाच मागून आणली, आणि काम फत्ते झालं. खरं म्हणजे मालकीणबाई बंद दिवसांचाही पगार देणार होत्या. ही गोष्ट कात्रीने आनंदाच्या भरात आधीच सिस्टरला सांगून टाकली होती, आणि नंतर विसरूनही गेली होती.

आता आखणी. सोमवार हा सलूनचा सुट्टीचा वार. सहलीआधीच्या एका सोमवारी कात्री एकटीच पहिल्या बसने शहरात गेली आणि गिऱ्हाइकांनी सांगितलेली ठिकाणं पायी फिरली. वकिलीणबाईंचं ठिकाण नदीकाठी होतं. पांढरे टेबलक्लॉथ, कापडी रुमाल, खिडकीत फुलं. दारावर पाटी होती: दुपारचं ठरलेलं ताट. सूप, मासा नाहीतर भाजी, बटाटे, शेवटी गोड. आणि किंमत अशी, की कात्रीने पाटी दोनदा वाचली. आत जाऊन जेवून पाहिलं. सूप दाट, मासा ताजा, गोडात कंजूषपणा नाही. वाढप्याने खुर्ची मागे ओढून दिली तेव्हा तिला वाटलं, चुकून आपल्यामागे दुसरंच कुणी उभं आहे.

बस्स. आखणी तिथेच ठरली. शनिवारी दुपारी इथे, थाटात. रात्री वसतिगृहात पाव, लोणी आणि फळं. दुपारचं पोट भरलेलं असेल तर कुणी कुरकुरणार नाही. रविवारी सकाळी भरपूर न्याहारी, कारण वसतिगृहाच्या कोपऱ्यावरच्या दुकानात चहा पुन्हा मागितला तर पैसे घेत नाहीत. दुपारी गाडीतळाजवळच्या साध्या खाणावळीत, सूप आणि भात. एकच जेवण राजाचं, बाकीची प्रजेची. लोकरीच्या बटव्याला सोसेल असं.

सिस्टर आणि टपाल यांना ही आखणी कळली तेव्हा त्यांनी तोंडं वाकडी केली.

"रात्री पाव?" सिस्टर म्हणाली. "इस्पितळात पेशंटलासुद्धा आम्ही खिचडी देतो."

"पाव पचायला हलका."

"मी पचनासाठी सहलीला येत नाही."

"ही चिक्कू होत चाललीय," टपाल म्हणाली. "वय झालं की काहींचे केस पिकतात, काहींच्या मुठी वळतात."

"वळल्या तर वळल्या," कात्री म्हणाली, आणि कधी नव्हे ते तिने वाद घातला नाही. त्याचंच दोघींना जास्त आश्चर्य वाटलं.

शनिवार उजाडला. चौघी बसमध्ये चढल्या. चौघींची मिळून सहल लागोपाठ तिसऱ्या वर्षी हुकली असती, ती हुकली नाही म्हणून टपालने बसभर पेढ्याऐवजी लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. लोकर खिडकीशी बसली होती. तिने जुना निळा स्वेटर घातला होता, स्वतः विणलेला, आणि डोक्याला रुमाल. कात्रीने रुमालाकडे पाहिलं आणि लगेच नजर बाहेर वळवली. लोकर हसत होती. वळणावर चौघी एकमेकींच्या अंगावर पडल्या तेव्हा तर ती इतकी हसली, की कंडक्टरनेही मागे वळून पाहिलं.

नदीकाठच्या त्या जागी पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडत होते. दार उघडलं. आत तोबा गर्दी. सोमवारी कात्री जेवली तेव्हा दोन म्हातारे आणि एक मांजर एवढंच गिऱ्हाईक होतं. तिला जरा चमत्कारिक वाटलं, पण खिडकीजवळचं टेबल मिळालं, वाढप्याने चारही खुर्च्या ओढून दिल्या, आणि सिस्टर कापडी रुमाल मांडीवर पसरत म्हणाली, "कात्री, तुझे सगळे अपराध माफ."

"मग! मी काय सांगत होते?"

वाढप्याने चार मोठी पुठ्ठ्याची कार्डं ठेवली. कात्रीने आपलं उघडलं नाही. "दादा, ते ठरलेलं ताट द्या. चार."

"ते नाही आज, मॅडम."

"संपलं?"

"संपलं नाही. शनिवार-रविवार नसतंच. ते सोमवार ते शुक्रवार. ऑफिसच्या लोकांसाठी असतं ते. दारावरच्या पाटीवर लिहिलेलं आहे, खाली, बारीक अक्षरात."

कात्रीने कार्ड उघडलं. किमती पाहिल्या आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. एकटं सूपच त्या अख्ख्या ताटाएवढं होतं.

एवढी फिरलेली, एवढ्या जणींना विचारलेली बाई, आणि चुकली ती कुठे? तर वारात. जन्मभर शनिवार-रविवार ती दुसऱ्यांचे केस कापत उभी राहिलेली. इतर जगाची सुट्टी हा तिच्या कामाचा दिवस, आणि जगाचा कामाचा सोमवार ही तिची सुट्टी. आजवरच्या सहलीही म्हणूनच सोमवार-मंगळवारी, बाकीच्यांनी रजा टाकून. यंदा सलून बंद, म्हणून पहिल्यांदाच शनिवार-रविवार धरला होता. शनिवारी शहर कसं दिसतं, कुठे किती पैसे पडतात, हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि विचारायचं सुचलंही नव्हतं. तिच्या लेखी सगळे वार सोमवारासारखेच.

"मी चहा घेते फक्त," लोकर कार्ड मिटून म्हणाली. "बस लागलीय मला. भूकच नाही."

कात्रीने मनात म्हटलं, गुडघा गेला आणि बस आली.

"कसली बस लागलीय!" सिस्टर म्हणाली. "आलोच आहोत, बसलोच आहोत. खाऊया. आजचं माझ्याकडून. चौघींचं मी देते."

"नको," लोकर ताडकन म्हणाली. मग आवाज खाली आणून, सिस्टरकडे वाकून, जणू कात्रीला ऐकू जाऊ नये अशा बेताने: "तिला अवघड वाटेल गं. सलून बंद आहे ना तिचं. पगार नाही या आठवड्याचा. उगाच तिला ओशाळं कशाला करायचं? आपण उठू."

"कुणाला? हिला?" सिस्टरला हळू बोलणं माहीत नव्हतं, वॉर्डाच्या या टोकाकडून त्या टोकाला बोलायची तिला सवय. "अगं, मालकीण बंदचाही पगार देतेय हिला! हिनेच मला सांगितलं, नाचत नाचत! आणि तरी पाव-लोण्यावर आणते आम्हाला. चिक्कू मारवाडी कुठली—"

टपालने टेबलाखालून तिला पाय मारला. टपालला नक्की काय झालंय ते कळलं नव्हतं, पण खिडकीवर बसून बसून माणसाचा चेहरा बदललेला तिला लगेच समजे.

लोकर कात्रीकडे पाहत होती. कात्री मीठदाणीकडे पाहत होती.

लोकरीने रुमालाची घडी घातली. नीट, चौकोनी, कडेला कड लावून. ती उठली, खुर्ची आत सरकवली आणि दाराबाहेर गेली.

"मी काय बोलले?" सिस्टर म्हणाली.

"खरं बोललीस. तुम्ही दोघी थांबा," कात्री म्हणाली आणि तिच्यामागे धावली.

लोकर फार लांब गेली नव्हती. नदीच्या कठड्याला टेकून उभी होती. कात्री शेजारी जाऊन उभी राहिली.

"कुणी सांगितलं तुला?" लोकरीने विचारलं.

"कुणी नाही."

"टपालने?"

"तिला माहीत असतं तर गावाला माहीत असतं. तुझ्या केसांनी सांगितलं. भाजीच्या रांगेत."

लोकरीचा हात आपोआप मानेकडे गेला, रुमालाखाली. थोडा वेळ तो तिथेच राहिला.

"इतकं वाईट दिसतंय?"

खोटं बोलून पाहिलं होतं, त्याचं फळ समोर होतं. "उंदराने कुरतडल्यासारखं," कात्री म्हणाली.

लोकरीने ओठ घट्ट मिटले. खांदे हलू लागले. कात्रीला वाटलं, रडतेय. ती हात पुढे करणार, तोच लोकरीच्या नाकातून हसू फुटलं, आणि त्याच्या पाठोपाठ खरोखरच डोळ्यांतून पाणीही आलं. दोन्ही एकदम. तिला कोणतं आधी पुसावं कळेना.

"आणि मी येडी," ती म्हणाली, "तुझी कीव करत होते! बसमध्ये मनात म्हणत होते, बिचारी कात्री, माझ्यामुळे तिला सोबत झाली. मला किती बरं वाटत होतं माहीत आहे तुला? दोन वर्षांत पहिल्यांदा माझा कुणाला तरी उपयोग होतोय असं वाटलं. तेही खोटंच निघालं."

हा वार बरोबर लागला. कात्रीने मान खाली घातली.

"मला वाटलं, सांगितलं तर येणार नाहीस."

"नसतेच आले."

"मग काय करायचं होतं मी? तुला सोडून द्यायचं?"

खालून एक होडी गेली. तिच्यात एक माणूस मजेत संत्रं सोलून खात होता आणि सालं पाण्यात टाकत होता. दोघी भुकेल्या बायका त्या संत्र्याकडे पाहत राहिल्या.

तेवढ्यात सिस्टर आणि टपाल आल्या. "आम्ही पाण्याच्या बाटलीचे पैसे देऊन सुटलो," टपाल म्हणाली. "तो वाढपी आमच्याकडे असा बघत होता, की जणू आम्ही चमचे खिशात घातलेत. आता सांगा कुणीतरी. मी मेले तर मरेन, पण न कळता मरणार नाही."

कात्रीने तोंड उघडलं. लोकरीने तिच्या दंडावर हात ठेवला.

"तू नाही. मी सांगते." तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि हातात धरला. "माझा गुडघा ठणठणीत आहे. कधी दुखलाच नाही. दुकान चालत नाही, पैसे नव्हते, म्हणून आले नाही. आता आहेत ते एवढे आहेत." तिने पर्स उघडून सरळ त्यांच्यापुढे धरली. "ह्यात मला दोन दिवस जेवायचंय. कुणी एक पैसाही वर घातला, तर मी पुढच्या बसने घरी. आणि कुणी माझ्यासाठी खोटं बोललं, तर त्याआधीच्या बसने."

सिस्टरचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"दोन वर्षं," ती म्हणाली, "दोन वर्षं मी तुझ्या गुडघ्यासाठी मलमं पाठवतेय! डॉक्टरांच्या मागे लागून! कुठे गेली ती मलमं?"

"शेजारणीच्या कंबरेला लावली."

"आणि?"

"गुण आला तिला. तुला आशीर्वाद देते रोज."

टपालला ठसका लागला. सिस्टरने रागाने पाहायचा प्रयत्न केला, पण तो टिकला नाही. चौघी त्या कठड्याशी अशा हसल्या, की रस्त्यावरून जाणाऱ्या एका कुटुंबाने आपल्या मुलाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

मग सिस्टरने आपली पर्स उघडली, लोकरीच्या पर्समध्ये जेवढे होते तेवढेच मोजून काढले आणि पर्स खटकन बंद केली. टपालनेही तसंच केलं. कात्रीनेही. चौघींचे पैसे टपालच्या एका जाड पाकिटात गेले, आणि पाकीट लोकरीच्या हातात.

"मी का?" लोकर म्हणाली.

"कात्रीला वार कळत नाहीत," सिस्टर म्हणाली, "आणि मला आवाज कळत नाही. टपालच्या हातात दिलं तर ती कुणाला तरी पोचवेल."

पुढचे दोन दिवस जे खाल्लं, त्याला आखणी म्हणता येणार नाही; भांडण म्हणता येईल. चौघीही एकदम आखत होत्या. शनिवारची दुपार बाजारातल्या बाकावर गेली. भाजलेले बटाटे, उकडलेली अंडी आणि सिस्टरने शेवटच्या गिऱ्हाइकाच्या हातून हिसकावल्यासारखा घेतलेला गरम पाव. टपालने चीज हवं म्हणून हट्ट धरला. चीज घेतलं तर रात्रीची फळं जातात, असं लोकरीने बजावलं. टपाल म्हणाली फळं गेली खड्ड्यात. मतं घेतली, चीज जिंकलं, आणि रात्री खरोखरच कुणाला फळ मिळालं नाही. टपाल वसतिगृहाच्या खाटेवर पडून म्हणाली, "एखादं केळं असतं तर..." तिच्या अंगावर तीन उशा एकदम पडल्या.

रविवारी सकाळी कात्रीने आपली कातर आणि कंगवा काढला. लोकरीला खिडकीजवळ बसवलं, गळ्याभोवती वसतिगृहाचा टॉवेल बांधला आणि मानेवरचे सगळे केस त्या आखूड बटेच्या मापाने सरळ कापून दिले. मैत्रिणीचा हात मानेवर फिरत होता, लोकर डोळे मिटून बसली होती. झाल्यावर सिस्टरने लांबून पाहिलं आणि म्हणाली, "मलाही असेच काप गं." कात्रीने तिला नवीन गिऱ्हाईक म्हणून पुढच्या आठवड्यात सलूनला बोलावलं.

पण खरी गोष्ट घडली ती रविवारी दुपारी, गाडीतळाजवळच्या खाणावळीत. साधी जागा होती. काचांवर वाफ, लाकडी बाकं, टेबलावर मेणकापड. बस सुटायला वेळ होता. लोकरीने पाकीट उघडून पाहिलं आणि चार सूप, चार भात मागवले. उरलेल्यात गोडाच्या दोन वाट्या येत होत्या, चौघींत मिळून.

सूप आलं. लोकरीने पहिला चमचा तोंडात घातला आणि खाली ठेवला.

"हे सूप आहे?" ती म्हणाली.

कात्रीने मान वर केली.

"कोमट आहे. आणि पातळ. भांडी विसळलेलं पाणी गरम करायला विसरले, तर असं लागेल."

"जाऊ दे ना," सिस्टर म्हणाली. "एवढ्या पैशात काय—"

"एवढ्या पैशात म्हणजे? माझे पैसे आहेत हे!" लोकरीने हात वर केला. "अहो दादा! इकडे या जरा. हे परत न्या. उकळलेलं आणा. आणि त्यात कुठे भाजी सापडली तर तीही घाला."

वाढपी आला, वाडगा उचलून घेऊन गेला. शेजारच्या टेबलावरचे लोक पाहू लागले. सिस्टर शरमेने मेणकापडावरची फुलं पाहू लागली. टपालने हळूच आपलं सूप चाखलं आणि म्हणाली, "खरंच पाणी आहे गं," आणि तिनेही आपला वाडगा पुढे सरकवला.

कात्री मात्र लोकरीकडेच पाहत राहिली. दुसऱ्याच्या पैशाने जेवणारी कधी सूप परत पाठवत नाही. ती पाणी आलं तरी "छान आहे" म्हणते, आणि घरी जाऊन पुढच्या वर्षीसाठी गुडघा शोधते. इथे तर लोकर रागाने लाल झाली होती, नुकत्याच कापलेल्या केसांसकट मान हलवत होती आणि खाणावळीच्या स्वयंपाक्याच्या सात पिढ्यांना नावं ठेवत होती. तिला इतकं सुंदर दिसताना कात्रीने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

दुसरं सूप आलं. वाफाळतं, आणि चक्क गाजराच्या फोडी तरंगणारं. लोकरीने फुंकर घातली, चाखलं. तिघी श्वास रोखून बसल्या. वाढपीही दारात थांबला होता.

"मीठ कमी आहे," लोकर म्हणाली, आणि वाडगा तळापर्यंत संपवला.